तीर्थाएवढा चहा

१६७४ साली शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी गागाभट्ट काशीहून रायगडावर गेले. त्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली, पण ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या अंगातून ती गोष्ट अजून उतरलेली नाही. कुठल्याही बाबतीत निर्णय देणं हे आपलंच काम आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. कोणी विचारलं तर देतोच, न विचारताही देतो. मग ते अधिक मासातलं लग्न असो, घाटावरचे नवे दिवे असोत, नाहीतर चीनमधून आलेला चहा.

हा चहा माझ्या भाच्याने आणला. तो यंत्रं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीत आहे आणि कामानिमित्त युन्नान प्रांतात, कुनमिंगला जाऊन-येऊन असतो. दिवाळीला आला तो देवदिवाळीपर्यंत राहायच्या बेतानेच. पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक जड चकती काढून त्याने आत्याच्या पुढ्यात ठेवली. "आत्याआजी, खास तुझ्यासाठी." आत्या एक्याऐंशी वर्षांची. तिने कागद सोडला, चकती उलटीसुलटी केली, नाकाशी नेली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "गोवरी का रे?"

गोवरी नव्हती. तो 'पु-अर' नावाचा चहा होता, कच्चा पु-अर, जुन्या झाडांच्या वसंतातल्या खुडणीचा. वडीचं वजन ३५७ ग्रॅम. साडेतीनशे का नाही, चारशे का नाही, असं विचारताच भाच्याने हिशेब मांडला. अशा सात वड्यांची चळत बांबूच्या सालपटात बांधायची, ती अडीच किलोची होते. आणि तशा बारा चळतींची एक पाटी, म्हणजे तीस किलो. किंमत मात्र त्याने युआनमध्ये सांगितली. रुपयांत सांगितली असती तर आत्याने ती वडी बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली असती आणि हा लेख इथंच संपला असता.

तेवढ्यात तात्या आले. तात्या समोरच्या वाड्यात राहतात, वेदपाठशाळेत शिकवून निवृत्त झाले आणि दारावर टकटक करणं हा पाश्चात्त्य संस्कार मानतात. त्यांनी वडीवरचं चिनी वर्ष भाच्याकडून वाचून घेतलं आणि पहिला आक्षेप काढला, "अरे, हा नऊ वर्षांचा आहे. शिळा."

भाचा म्हणाला, "तात्या, नऊ म्हणजे अजून कोवळाच. वीस-तीस वर्षांनी खरा लागतो."

असं विधान काशीत केलं की माणसाला खाली बसवून ते सिद्ध करायला लावतात. भाचा बसला. तो म्हणाला, युन्नानच्या डोंगरांतली ही मोठ्या पानाची झाडं आणि आपल्या आसामच्या चहाची झाडं एकाच जातीची. पान खुडायचं, थोडं मलूल होऊ द्यायचं, मोठ्या कढईत हाताने परतायचं, चोळायचं आणि उन्हात वाळवायचं. हिरव्या चहाला कढईत अशी धग देतात की पानातली सगळी चळवळ थांबते. इथं हात जरा आखडता ठेवतात, त्यामुळे पानात थोडा जीव शिल्लक राहतो. मग वाफ देऊन, कापडात बांधून, दगडाखाली दाबून वडी करतात. तो शिल्लक जीव आणि हवेतले सूक्ष्म जंतू मिळून पुढे वर्षानुवर्षं आतल्या आत काम करत राहतात. कडूपणा हळूहळू ओसरतो, रंग पिवळ्याचा तांबूस, तांबसाचा तपकिरी होतो, कापरासारखा, जुन्या लाकडासारखा वास येऊ लागतो.

तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे वासना शिल्लक आहे," ते म्हणाले. "मोक्ष झालेला नाही."

इतकी वर्षं थांबणं चिनी गिऱ्हाइकालाही जड जाऊ लागलं, तेव्हा १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या चहा कारखान्यात एक युक्ती निघाली. पानांचे ढीग ओले करून झाकून ठेवायचे आणि वीस वर्षांचं काम दीड-दोन महिन्यांत उरकून घ्यायचं. तो पक्का पु-अर. रंगाने काळा, चवीला मऊ, मातकट. त्याला सगळे बिनतक्रार 'काळा चहा' म्हणतात. कच्च्याचं मात्र तिकडेही भांडण आहे. काही जाणकार त्याला काळ्याच्या पंगतीत बसवतात, काही म्हणतात, हा तर हिरव्याचा भाऊ, म्हातारा झाल्यावर काय तो काळा म्हणा. चीनमध्येही मतभेद आहेत हे ऐकून तात्यांचा त्या देशाविषयीचा आदर एकदम वाढला. त्यांनी आपला पहिला आक्षेप मागे घेतला आणि त्याला आधारही दिला: आयुर्वेदात दहा वर्षांचं जुनं तूप औषध मानतात, त्या न्यायाने नऊ वर्षांचा चहा ग्राह्य.

मग वडी फोडायची वेळ आली. आत्याने आधी अडकित्ता आणला, मग बत्ता. दोन्ही वेळा भाचा वडी आणि हत्यार यांच्या मध्ये आडवा झाला. वडी कुटली की पानांचा भुगा होतो आणि भुग्याचा चहा कडूजहर उतरतो. टोकदार सुई कडेने आत सारून थर अलगद उचकटायचे असतात. तिकडे त्यासाठी खास सुई मिळते, ती त्याच्या सामानातून विमानतळावर काढून घेतली होती. शेवटी पोती शिवायचं दाभण निघालं आणि सांगतो, याहून चांगलं हत्यार चीनमध्येही नसेल. दाभण जरासं फिरवलं की आख्खी, लांबट, चंदेरी लव असलेली पानं सुटून येत होती. मध्येच पानांत दाबलेला कागदाचा छोटा चौकोन निघाला. "चहात कागद," आत्या म्हणाली, "आणि म्हणे भारीतला." तो कारखान्याचा शिक्का असतो. नक्कल करणाऱ्याला बाहेरचं वेष्टन बदलता येतं, आत दाबलेला शिक्का काढता येत नाही.

पुढचं प्रकरण पाण्याचं. आठव्या शतकात लु यू नावाच्या चिनी पंडिताने चहावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने पाण्याचीही प्रत ठरवून दिली आहे. डोंगरातल्या झऱ्याचं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. भाच्याने हे काशीत, गंगेपासून शंभर पावलांवर, पंचगंगा घाटाच्या बाजूची खिडकी उघडी असताना सांगितलं. नदीचं मध्यम! तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी शांतपणे विचारलं की या लु यू साहेबांनी गंगा पाहिली होती का. नव्हती. मग त्यांचं विधान इतर नद्यांना लागू. शिवाय तोच लु यू पुढे म्हणतो की नदीचं पाणी घ्यायचंच झालं तर माणसांच्या वस्तीपासून लांबचं घ्यावं. यावर तात्यांनी मणिकर्णिकेसमोरचं पाणी सुचवलं. तिथं वस्तीला कोणीच नसतं, सगळे निघालेलेच असतात.

व्यवहारात घरी पाणी दोन प्रकारचं. नळाचं, ज्याने किटलीत पांढरा थर धरतो; आणि फिल्टरचं, ज्यात चव म्हणून काही उरत नाही. जड पाण्यात हा चहा मुका होतो, फार शुद्ध पाण्यात पातळ वाटतो. भाच्याने दोन्ही निम्मं निम्मं घेतलं. तीर्थ म्हणून गडूतल्या गंगेचा एक थेंब आत्याने घातला, त्याने काही बिघडलं नाही.

मांडामांड पाहून आत्या खूश झाली. कारण ती सगळी ओळखीची निघाली. झाकणाची चिनी मातीची वाटी, जेमतेम शंभर मिलिलिटरची. एक गाळणी, एक छोटा चंबू आणि बोटाच्या दोन पेरांएवढे पेले. सांडलेलं पाणी धरायला खाली तबक हवं होतं. आत्याने देवघरातलं ताम्हण साफ नाकारलं, स्वैपाकघरातली पितळी परात दिली. परातीत भाच्याने एक मातीचा बेडूक ठेवला. तिकडचे लोक चहा करताना असा एखादा प्राणी जवळ ठेवतात आणि पहिलं धुवण त्याच्यावर ओततात. वाटीत सात ग्रॅम चहा गेला, वर खळखळतं पाणी पडलं आणि पाच सेकंदांत ते सगळं पाणी बेडकावर. आत्याने नकळत हात जोडले. काशीत कशावरही पाणी ओतलं जात असेल तर प्रश्न विचारायची पद्धत नाही.

"आता प्यायचा?" तात्या.

"आता पानं जागी झाली. आता खरा."

पुन्हा उकळतं पाणी, आठ-दहा सेकंद, की लगेच चंबूत. उशीर केला की संपलं. कच्चा पु-अर दिरंगाई सहन करत नाही. पेल्यात आला तो रंग जुन्या मधाचा. वासात वाळलेलं गवत, कुठंतरी जर्दाळू, आणि कढईच्या धुराची पुसटशी रेष. पहिला घोट तोंडात घेतला आणि आत्याचं तोंड असं झालं, जसं सुनेने केलेल्या पुरणपोळीच्या वेळी व्हायचं. कडू, आणि वर तुरट. जिभेच्या दोन्ही कडा आवळून धरणारा. तात्या म्हणाले, "हा चहा नाही, हे प्रायश्चित्त आहे."

पण मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी लोक एवढे पैसे मोजतात. घोट गिळून अर्धं मिनिट गेलं आणि घशाच्या मागून गोडवा वर यायला लागला. आवळा खाऊन वर पाणी प्यावं, तसा. साखरेचा नव्हे, कोणीतरी मागून आणून ठेवलेला. आत्याने दुसरा पेला पुढे केला. काही बोलली नाही, नुसता पेला पुढे केला.

त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून चहा काढायचा असतो, ती प्रत्येक खेप म्हणजे एक हात. माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिले तीन हात म्हणजे नुसता मानापमान आहे. चहा आपली ताकद दाखवतो आणि आपण ती सोसतो. चौथ्यापासून तो माणसात येतो. चौथा ते सातवा हा त्याचा खरा काळ. पानं पुरती उलगडलेली, कडू आणि गोड यांची भांडणं मिटलेली, तोंडात एक दाट, स्निग्ध धार. आठव्यानंतर वेळ वाढवत न्यायची. वीस सेकंद, चाळीस, मग मिनिट, दोन मिनिटं. बाराव्या हाताला नुसतं गोड पाणी उरतं, आणि ते गोड पाणी फार चांगलं असतं. ज्यांना पहिल्या तीन हातांत कडूपणा झेपत नाही, त्यांनी पाणी खळखळतं न घेता जरा निवू द्यावं. भाचा याला पळवाट म्हणतो. म्हणू दे. दुसऱ्या दिवशी आत्याने आलं-साखर-दूध घालून पातेल्यात उकळून पाहिला, त्याबद्दल मात्र मी तिचंही समर्थन करणार नाही.

एक धोका भाचा सांगायला विसरला, तो आम्हाला कार्तिकी एकादशीला कळला. हा चहा रिकाम्या पोटी पिऊ नये. तात्यांचा उपास, चहा उपासाला चालतो, तेव्हा ते सकाळीच आले आणि बारा हात बसले. दहाव्याला त्यांच्या कपाळावर घाम आला, बोटं किंचित थरथरू लागली, डोक्यात हलकं वाटायला लागलं. चिनी लोक याला चहाची नशा म्हणतात, आणि त्यातले काही तिला अंगात फिरणारं चहाचं चैतन्यही म्हणतात. तात्यांनी दुसरा अर्थ घेतला. ते भिंतीला टेकून म्हणाले, "काहीतरी वर चढतंय." सत्तर वर्षांच्या संध्येने जे साधलं नव्हतं ते एका पेल्याने साधलं की काय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. आत्याने गूळ आणि शेंगदाणे पुढे ठेवले. दहा मिनिटांत जे वर चढत होतं ते खाली उतरलं.

घरचा निकाल लागला, तरी काशीत अडीवर मान्य झाल्याशिवाय निकाल पक्का होत नाही. अडी म्हणजे चहाचं ते दुकान, जिथं गिऱ्हाईक चहा विकत घेतं आणि दुपार फुकट घेतं. अस्सीच्या अडीवर काशीनाथ सिंहांनी 'काशी का अस्सी' लिहिली, तिच्यावर 'मोहल्ला अस्सी' सिनेमा निघाला. आमची अडी तेवढी भाग्यवान नाही, ती ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत आहे आणि तिच्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही. भाच्याने वाटी, चंबू, पेले तिथं नेऊन मांडले. पहिला पेला एका नावाड्याच्या हातात गेला. त्याने तो बोटांत धरून उजेडाकडे नेला. "ई त चरणामृत हौ, गुरु!" सगळी अडी हसली आणि मग ओळीने सगळ्यांनी उजवे हात पुढे केले.

पुरव्यात घालून द्या, असा आग्रह झाला. मातीच्या पुरव्याशिवाय चहा ही कल्पना बनारसला सहन होत नाही. माझं ऐकाल तर या चहाला पुरवा चालत नाही. कोरी माती निम्मा सुगंध पिऊन टाकते आणि वर आपला वास देते. दुधाच्या चहाला तो वास शोभतो, याला नाही. गंमत म्हणजे चिनी लोकांनाही बिनझिलईची माती प्रिय. यिशिंग गावच्या मातीची चहादाणी ते जन्मभर वापरतात, एका चहादाणीत एकाच जातीचा चहा, आणि साबण कधीही लावत नाहीत. आमचा पुरवा एका चहापुरता, मग भिंतीखाली फुटायला मोकळा. दोन्हीकडे माती, दोन्हीकडे धुणं नाही.

अडीवर एक साडीवाले शेठ बसतात. त्यांना चवीत रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं, माल अस्सल कशावरून? भाच्याने सांगितलं की या चहाचे भाव एकेकाळी असे चढले की लोक तो प्यायचा सोडून साठवायला लागले. २००७ मध्ये तो फुगा फुटला. लाओ बानझांग नावाच्या एका डोंगरी गावाचा चहा सगळ्यांत तगडा मानतात, पण त्या गावाच्या नावाने जेवढा विकला जातो तेवढा त्या गावात पिकणं शक्य नाही. मग २००८ मध्ये सरकारने नियम केला की युन्नानच्याच मोठ्या पानाचा, उन्हात वाळवलेला असेल तरच त्याला पु-अर म्हणायचं. शेठ इतके हसले की त्यांचा पानाचा तोबरा धोक्यात आला. बनारसी साडीला २००९ मध्ये असाच नावाचा हक्क मिळाला. सुरतेचा माल अजून त्याच गल्लीतून, त्याच नावाने जातो. कडू लागला तरी शेठनी दुसरा पेला मागून घेतला. धंद्यातला बंधुभाव.

सगळ्यांत गंभीर प्रतिक्रिया दुकानदाराची होती. एका चिमटीतून बारा वेळा चहा निघताना त्याने पाहिला. प्रत्येक वेळी त्याची मान थोडी पुढे येत होती. शेवटी तो भाच्याला म्हणाला, "एही खातिर चीन गइल रहला? हम त रोज इहै करीला." आणि त्याने आपल्या पातेल्यातली सकाळपासूनची पत्ती कालथ्याने वर उचलून दाखवली.

सारनाथला गेलो ते मात्र माझ्या आग्रहाने. आपल्या गावात या चहाचं माहेर असेल तर तिथंच. सारनाथला १९६७ मध्ये तिबेटी उच्च शिक्षणाची संस्था निघाली, तेव्हापासून तिथं लामा आणि विद्यार्थी आहेत, आणि तिबेट शेकडो वर्षं चीनकडून दाबलेलाच चहा घेत आला. तिथल्या एका वयस्क अध्यापकांनी वडी हातात घेतली आणि नाकाशी नेऊन काही वेळ तशीच धरली. आमची दहा सेकंदांची हकीकत ऐकून ते मनापासून हसले. त्यांच्या आजीकडे हा चहा तासन्‌तास उकळायचा, मग मीठ आणि लोणी घालून लांब लाकडी नळकांड्यात घुसळायचा. इथं याकचं लोणी कुठलं, अमूलचं चालवून घेतात. त्यांनी आम्हाला तो पाजला. चहा म्हणून ओठांना लावाल तर फसाल, कढण म्हणून प्यालात तर छान.

परतीच्या रिक्षात भाच्याने सांगितलं की १९२०-३० च्या काळात युन्नानचा चहा तिबेटला जायचा तो ब्रह्मदेशातून रंगून, तिथून बोटीने कलकत्ता, पुढे रेल्वेने आणि मग कालिंपोंगहून खेचरांवर ल्हासा, अशा वळशाने. डोंगरातून सरळ जाण्यापेक्षा तो लवकर आणि स्वस्तात पोहोचायचा. घरी आत्याने हे ऐकलं. "कलकत्त्यापर्यंत आला आणि काशी न करता वर गेला?" ती म्हणाली. "तरीच कडू."

देवदिवाळी झाली. भाचा जायला निघाला तेव्हा अर्ध्याहून जास्त वडी शिल्लक होती आणि तिच्या मुक्कामाचा प्रश्न आला. हा चहा दुसऱ्याचा वास पटकन घेतो. आमच्या घरात बिनवासाची जागा शोधणं म्हणजे कठीणच. देवघरात कापूर आणि उदबत्ती, स्वैपाकघरात हिंग, कपाटात डांबराच्या गोळ्या, माळ्यावर लोणची, तळघरात श्रावण-भाद्रपदात गंगामाई स्वतः येऊन बसते. बंद डबा नको, थोडी हवा हवी; फार ओल नको, बुरशी येते; फार कोरडं नको, मे महिन्यात लू लागली की आतलं काम थांबतं. शेवटी कोरा माठ आणला, आत वडी ठेवली, वर फडकं बांधलं. तिकडेही मातीच्या रांजणात ठेवतात म्हणे. माठ दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, उन्हापासून लांब.

"आता पंधरा वर्षं हात लावू नका," भाचा म्हणाला.

काशीत हे वाक्य जरा जपून बोलायला हवं होतं. या गावात अखेरच्या दिवसांसाठी मुक्तिभवन आहे, तिथंसुद्धा साधारण पंधरा दिवसांची मुदत असते. पंधरा वर्षांचा वायदा इथं कोणी कोणाशी करत नाही. आत्याने मात्र शांतपणे कागद-पेन्सिल घेतली. माठावर चिकटवायच्या चिठ्ठीवर तारीख घातली, खाली 'हात लावू नये' लिहिलं आणि म्हणाली, "मी काही तोवर नाही. माझा वाटा तात्यांच्या नातवाला लिहून ठेवते."

"नातवाला का म्हणून?" तात्या उठून बसले.

"तुम्ही ब्याण्णव वर्षांचे व्हाल. आणि तुम्हीच म्हणता ना, काशीत राहिलो ते मोक्षासाठी."

तात्यांनी एकदा माठाकडे पाहिलं. "मोक्षाचं नंतर बघू," ते म्हणाले. "तो कुठं जातोय? चिठ्ठीवर माझं नाव घाला आधी."